कोळसेबुवा आणि शिंपीणबाईंचा मुलगा

फोटो काढायची पेटी गावात यायच्या बऱ्याच आधी सुरू झालेली ही गोष्ट. त्या काळी माणसाला आपला चेहरा मागे ठेवायचा असला तर दोनच वाटा होत्या. एक तर आपल्यासारखी दिसणारी पोरं जन्माला घालायची, नाहीतर चित्रकाराला बोलवायचं. आणि गावात चित्रकार एकच होता. त्यांची बोटं कायम काळी, नखांत कोळशाची पूड बसलेली, म्हणून लोक त्यांना कोळसेबुवा म्हणत. हे नाव पडलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पण एकदा बुवा म्हटलं की माणूस बुवा होतो. वय मागून सावकाश येतं.

बुवांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मोच्याच्या पाटीवर बूट, कुलूपवाल्याच्या पाटीवर किल्ली, खाणावळीच्या पाटीवर वाफाळता वाडगा. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीने धाकट्याला हाताखाली वाढवलं आणि मग लग्न होऊन ती लांब गेली. घरात उरले बापलेक. मुलाने आपला ब्रश हातात घ्यावा असं वडिलांना फार वाटायचं, पण मुलगा रंगाच्या डब्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. चुलीतला विझलेला कोळसा उचलायचा आणि फळकुटावर, भिंतीवर, पिठाच्या रिकाम्या पिशवीवर माणसांची तोंडं काढत बसायचा.

"बूट काढ रे," वडील म्हणायचे. "बूट कधी म्हणत नाही की माझं नाक एवढं मोठं नाहीये."

वडिलांचं म्हणणं खरं होतं, हे बुवांना पुढे कळलं. धान्याच्या व्यापाऱ्याने पहिलं चित्र काढून घेतलं आणि हनुवट्या एकीने कमी करायला लावल्या. शाळामास्तरांनी आपल्या आईला आणून बसवलं. म्हातारी बसल्या बसल्या झोपली आणि जागी झाल्यावर म्हणाली, मी घोरत होते ते नाही ना काढलंत? तरी बरं चाललं होतं. खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली होती, उत्तरेकडे खिडकी असलेली. वडील गेल्यावर बुवा तिथे राहायला आले. लोक जिना चढून यायचे, केस सारखे करायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि थोड्या वेळाने ताठपणा विसरून बोलायला लागायचे. तेवढ्या बोलण्यावर बुवांचा दिवस निघायचा.

एका हिवाळ्यात गावात घशाची साथ आली. पाववाल्याची धाकटी मुलगी त्यात गेली. सकाळी पाववाला जिन्यात येऊन उभा राहिला. हातांना पीठ तसंच होतं. कोणी त्याला हात धुवायलाही सांगितलं नव्हतं.

"तिचा चेहरा राहत नाहीये माझ्या डोळ्यांपुढे," तो म्हणाला. "आत्ता समोर निजलीय तरी राहत नाहीये. उद्यापासून काय करू?"

बुवा फळी आणि कागद घेऊन गेले. पलंगाशी बसून त्यांनी मुलीचं चित्र काढलं. तिची आई पाठीमागे उभी होती. बराच वेळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, "डोळे उघडे काढाल का?" बुवांनी त्या मुलीला दुकानाच्या फळीवर बसून पाय हलवताना कितीदा पाहिलं होतं. त्यांनी डोळे उघडे काढले, आणि काढता काढता ती आता काहीतरी विचारणार आहे असा भाव त्यात आपोआप उतरला. आईने चित्र हातात घेतलं आणि त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने रडलं.

पाववाल्याने चित्र दुकानात लावलं. पाव घ्यायला कोण येत नाही? सगळ्या गावाने ते पाहिलं. साथ चालूच होती. आज या गल्लीतून बोलावणं, उद्या त्या गल्लीतून. हिवाळा सरेपर्यंत बुवांनी जिवंत माणसाचं एकही चित्र काढलं नाही. आणि हिवाळा सरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता जिना कोणी चढत नाही.

आधी ती थट्टाच होती. चौकात एखादा म्हातारा म्हणायचा, "बुवा, माझ्याकडे एवढं निरखून बघू नका हो, मला अजून दोन उन्हाळे काढायचेत." सगळे हसायचे, बुवाही हसायचे. पण थट्टेची सवय लागली की तिचं खरं व्हायला वेळ लागत नाही. बुवांनी मान वर केली की आया पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. न्हावी अगदी अजिजीने म्हणाला, "तुम्ही दुकान बंद व्हायच्या वेळी येत जा ना. निवांत दाढी करतो तुमची." लग्नघरचं आमंत्रण त्यांना कधी आलं नाही, दुखवट्याच्या घरचा पहिला निरोप मात्र त्यांनाच.

दुखवट्याच्या घरात मान फार. सगळ्यांत चांगली खुर्ची, खिडकीपाशी जागा, कोणीतरी न विचारता पाणी आणून ठेवायचं. आणि बुवा काढत बसले की घरची माणसं त्यांना असं काही सांगायची जे आपापसांतही बोलली नव्हती. एकाने सांगितलं, भावाशी पाच वर्षं बोललो नाही आणि कारण आता आठवत नाही. एक सून म्हणाली, सासूबाईंचा मला धाक होता, पण आता घरात पाऊल ठेवलं की ओकंबोकं वाटतं. बुवा ऐकून घेत. नंतर तीच माणसं रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जात. मरणाची भीती हे अर्धंच कारण होतं. ज्याने आपल्याला नाक पुसत रडताना पाहिलं त्याच्याशी बाजारात भाजीच्या भावाबद्दल काय बोलणार? बुवांना हे कळत होतं. कळलं म्हणून खोली भरत नाही.

अशीच काही वर्षं गेली. गावातल्या घराघरांत बुवा जाऊन आले होते, पण एकाही घरात त्यांनी कोणाला हसताना किंवा भांडताना पाहिलं नव्हतं. म्हणून मग ते खिडकीत बसायला लागले. समोरच्या घरात दोर वळणारा राहायचा. त्याची बायको सकाळी मुलीचे केस विंचरायची. मुलगी वाचवा वाचवा असं तोंड करायची, आई दातांत फीत धरून तिला गुडघ्यांत आवळून धरायची. म्हातारा सासरा उन्हाच्या पट्ट्याबरोबर आपली खुर्ची सरकवत दुपार काढायचा. बुवा हे सगळं लहान लहान कागदांवर उतरवत. कोणाला दाखवायचं नव्हतं की विकायचं नव्हतं.

एके सकाळी समोरच्या खिडकीवर चादर टांगलेली दिसली. संध्याकाळी दोरवाला स्वतः जिना चढून आला. टोपी हातात धरून उभा राहिला.

"राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण बायको घाबरते. तिला वाटतं, तुम्ही आमच्याकडचं काम आत्तापासूनच सुरू केलंत."

बुवांनी समोरच्या घराची चित्रं असलेले सगळे कागद काढून त्याच्या हातात दिले. दोरवाल्याला ते घ्यावेत की नाही कळेना. शेवटी त्याने घेतले. त्यांचं पुढे काय झालं हे बुवांना कधी कळलं नाही; चादर मात्र तशीच राहिली.

त्यानंतर बुवा गावाबाहेर जायला लागले. नदी, तिच्यावरचा लाकडी पूल, पलीकडची टेकडी, पडकी गिरणी. टेकडीकडे कितीही निरखून बघितलं तरी ती पदर ओढून घेत नाही. हात बसला तशी ती चित्रं सुरेख व्हायला लागली. काठावरचा चिखल कुठे ओला आहे आणि कुठे वाळत आलाय हे नुसत्या कोळशाच्या कमीजास्त दाबाने कळायचं. पण त्या चित्रांत माणूस नसायचा. मधेच एखादी नाव आली तर बुवा हात थांबवायचे आणि ती पुढे गेली की पुन्हा काढायला घ्यायचे.

अशाच एका उन्हाळ्यात शिंपीणबाई त्यांच्याकडे आल्या. बाई विधवा. तेलाच्या घाण्यामागच्या गल्लीत एका खोलीत राहायच्या आणि सदरे शिवायच्या. एकुलता एक मुलगा मालाच्या गलबतावर कामाला होता. वादळात गलबत बुडालं, आणि त्यावरचं कोणीच किनाऱ्याला लागलं नाही. निरोप आणणारा माणूस दारातच बोलून निघून गेला होता.

बाई जिना चढून आल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही गेलेल्यांची चित्रं काढता ना? माझा गेलेला मला दिसलाच नाही. त्याचं काढून द्या."

"बाई, मी चेहरा बघून काढतो," बुवा म्हणाले. "तुमच्या मुलाला मी कधी पाहिल्याचंही आठवत नाही."

"मी पाहिलाय ना. मी सांगते, तुम्ही काढा."

असं कधी होत नसतं, हे बुवांना ठाऊक होतं. पण बाई इतक्या सरळ बोलल्या, जणू बाही दोन बोटं आखूड करा म्हणून सांगावं, की त्यांच्या तोंडून हो निघून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून बुवा दुपारी बाईंकडे जाऊ लागले. खोली एकच. खिडकीशी शिवणाचं टेबल, त्याला लागून फडताळ, त्यात शिवायला आलेल्या कापडाच्या घड्या. कोपऱ्यात चूल, चुलीजवळ एक जाड, आळशी मांजर. बाई काम थांबवायच्या नाहीत. सुई चालू ठेवूनच बोलायच्या.

"नाक कसं होतं?" बुवांनी विचारलं.

"नाकासारखं नाक."

"म्हणजे सरळ, बसकं, टोकदार?"

"अहो, आई काय पोराचं नाक मोजत बसते? पुसते."

बुवांनी मग तऱ्हेतऱ्हेची नाकं काढून टेबलावर मांडली. बाईंनी ती कापड निवडावं तशी निवडली. एक बाजूला सारलं, एक उजेडात धरलं, एकावर बोट फिरवलं. "हे जरा जवळ येतंय. पण हे शहाण्याचं नाक आहे. माझा एवढा शहाणा नव्हता." कपाळ मिळालं, मग भुवया. कान तर पहिल्याच दिवशी मिळाले, कारण ते बाईंनी लहानपणी पुष्कळदा पिळले होते. तोंडाशी मात्र घोडं अडलं. "तो अर्धंच हसायचा," बाई म्हणायच्या. "मी विचारायची, उरलेलं अर्धं कोणासाठी राखून ठेवलंयस?" बुवा अर्धं हसू काढायचे. ते कधी लबाड दिसायचं, कधी दुखऱ्या दाताचं. बाई मान हलवायच्या. बुवा पावाचा मऊ गर घेऊन ते खोडून टाकायचे, आणि तोच काळा झालेला गर मांजर हुंगून तोंड फिरवायचं.

दुपारची संध्याकाळ व्हायची. बाई दोन ताटं मांडायच्या. पहिल्या दिवशी बुवा नको नको म्हणाले. बाई म्हणाल्या, "बटाटे उकडलेत, मेजवानी नाही. बसा." दुसऱ्या दिवसापासून कोणी काही म्हटलं नाही. बुवांना इतक्या वर्षांत कोणाबरोबर जेवल्याचं आठवत नव्हतं. समोरच्या माणसाच्या चमच्याचा आवाज होतो, ही गोष्टच ते विसरून गेले होते.

मुलाचं चित्र अडलेलं असलं की बुवा इतर काहीबाही काढायचे. चूल, फडताळ, मांजराची पाठ. बाईंचे हात, सुईत दोरा ओवताना खिडकीकडे वळलेली त्यांची पाठ, कापडावर वाकलेली मान. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला काढलं तर चालेल?"

"काढा की. मी काय एवढ्यात मरत नाही," बाई म्हणाल्या.

कोणा जिवंत माणसाने 'मला काढा' म्हटलं, त्याला किती वर्षं झाली होती. बुवांच्या हातातला कोळसा मोडला.

मग एका दुपारी बाई शिवण संपवून दातांनी दोरा तोडत होत्या. दोरा चिवट होता. त्यांच्या ओठांची एक बाजू वर गेली, दुसरी जागच्या जागी राहिली. बुवांना ते तोंड दिसलं. इतके दिवस ते समोरच होतं. पोराने अर्धं हसू आईकडूनच घेतलं होतं, आणि आईला स्वतःचं तोंड कधी दिसलं नव्हतं. चार रेघांचं काम होतं. बुवांनी कोळसा उचलला, कागदाकडे बघितलं आणि कोळसा पुन्हा खाली ठेवला.

"आज काही जमत नाहीये," ते म्हणाले.

"मग उद्या," बाई म्हणाल्या.

तो उद्या पुढे पुष्कळ दिवस चालला. बुवा मुद्दाम वाकडी तोंडं काढत राहिले. आपण फसवतोय हे त्यांना कळत होतं. पण तोंड जमलं की चित्र संपलं, आणि चित्र संपलं की दुसरं ताट संपलं.

त्या दिवसांत एकदा ते न्हाव्याकडे गेले, नेहमीप्रमाणे दुकान मिटायच्या वेळी. न्हाव्याने साबण लावला, वस्तरा परजला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "शिंपीणबाईंकडचं काम अजून चालूच आहे का?"

"का?"

"काही नाही. आमच्या मेव्हण्याचे सदरे तिथे शिवायला टाकले होते. बायकोने परत आणले."

"शिवण बिघडली?"

"शिवण कशाला बिघडतेय. त्या बाईंसारखी बाही गावात कोणाला बसवता येत नाही." न्हाव्याचा हात थांबला. "लोक बोलतात हो. तुम्ही रोज जाता, तासन्‌तास बसता, म्हणजे बाईंचं काही खरं नाही. आणि उद्या जी बाई राहायची नाही तिच्या हातचा सदरा कोण अंगात घालणार? मी असं म्हणत नाही. लोक म्हणतात."

दुसऱ्या दिवशी बुवा बाईंच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी खोली नीट बघितली. फडताळ रिकामं होतं. ज्या घड्या पूर्वी खिडकीच्या चौकटीला टेकायच्या, त्यांतली एकही उरली नव्हती. बाई टेबलाशी बसून शिवत होत्या, आणि शिवत होत्या तो त्यांच्याच खिडकीचा जुना पडदा. कालही तोच होता, परवाही तोच. ज्या माणसाला चिखलाचा ओलेपणा दिसायचा त्याला हे दिसलं नव्हतं.

बुवा बसले. त्यांनी पावाचा गर घेऊन कागदावरचं खोटं तोंड पुसलं आणि खरं काढलं. वेळ लागलाच नाही. कागद त्यांनी बाईंपुढे सरकवला.

बाईंनी सुई पडद्यात टोचून ठेवली. बघत राहिल्या. मग चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं, हात त्यावर ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा सुलटं केलं.

"हाच," त्या म्हणाल्या.

त्या रडल्या नाहीत. उठून चुलीवर भांडं ठेवलं. त्या दिवशीही दोन ताटं मांडली. बुवा निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्या या. मांजर अर्धंच राहिलंय तुमचं."

"बघू," बुवा म्हणाले.

ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. घाण्यामागची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने नदीवर जायला लागले. आठवडा दीड आठवडा झाला असेल. जिन्यात पावलं वाजली, दम खाण्यासाठी थांबली आणि पुन्हा वर आली. बाई आत येऊन लोक ज्या खुर्चीत चित्रासाठी बसायचे त्याच खुर्चीत बसल्या.

"काम झालं म्हणून येणं बंद?"

बुवांनी सरळ सांगितलं. न्हावी काय म्हणाला, फडताळ कसं रिकामं दिसलं, सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तुम्ही मला सांगताय?" त्या म्हणाल्या. "फडताळ माझं आहे. ते रिकामं झालेलं मला दिसत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? एकेक जण कापड परत मागायला आला तेव्हा घडी घालून मीच दिली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही आला असता का?"

बुवा टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. थोडे दिवस बोलतात, मग दुसरं काही सापडतं. मी त्याचीच वाट बघत होते. पडदे शिवत होते तोवर."

"तुमची सुई चालायला हवी, बाई."

"माझ्या सुईचं मी बघेन. तुम्ही तुमचं सांगा. उद्या येताय का?"

हो म्हणणं काही अवघड नव्हतं. एकच अक्षर. पण बुवांना इतकी वर्षं लोकांनी रस्त्याची दुसरी बाजू दाखवली होती की आता तेही स्वतःला त्याच बाजूला ठेवत होते. आपण ज्याच्याकडे जातो त्याचं वाईट होतं, हे गावाने थट्टेत म्हटलं, आणि त्यावर सगळ्यांत पक्का विश्वास बसला तो बुवांचा.

"नको," ते म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय."

बाई उठल्या. दारापाशी त्यांनी मागे वळून बघितलं. "माझं भलं," त्या म्हणाल्या, "सगळे मिळून करताय तुम्ही." आणि जिना उतरून गेल्या.

बाईंचं फडताळ पुन्हा भरलं. हे बुवांना न्हाव्यानेच सांगितलं, आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं. पुढच्या वर्षी खोलीच्या खिडकीला झडपा लागलेल्या दिसल्या. बाई समुद्राकडच्या गावाला, धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या. जाताना निरोप ठेवला नव्हता. ठेवावा असं काही उरलंही नव्हतं.

मग गावात फोटोवाला आला. तीन पायांवर उभी राहणारी पेटी, काळं कापड, काचा. पहिल्यांदा लोक त्या पेटीलाही भ्यायले, पण भीती लवकर गेली, कारण फोटोवाला बडबड्या होता आणि सगळ्यांना हसवायचा. लग्नं, बारशी, बढत्या, सगळे त्याच्याकडे जायला लागले. पुढे दुखवट्याच्या घरीही त्यालाच बोलावणं जायला लागलं. त्याला मात्र कोणी घाबरलं नाही. तो चौकात दिसला तर लोक हाक मारायचे. बुवांना याचं नवल वाटायचं, राग यायचा नाही.

काम सुटलं तसं लोकांना वाटणारं त्यांचं भयही सुटलं. नवी पोरं मोठी झाली. त्यांना हा काळ्या बोटांचा म्हातारा कोण हे ठाऊक नव्हतं. आता कोणी पदर ओढायचं नाही आणि कोणी हाकही मारायचं नाही. बुवा दुकानातून पाव घ्यायचे तेव्हा पाववाल्याचा मुलगा पाव बांधून देत पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत असायचा.

फोटोवाल्यानेच एक दिवस त्यांना बोलावून आणलं. फोटोत माणसं हलायची. गाल पुसट व्हायचे, कुठे डाग पडायचा. ते बारीक ब्रशने नीट करायला हात हवा होता. "काका, तुमच्याशिवाय कोण करणार?" तो म्हणाला. बुवा त्याच्या मागच्या खोलीत बसायला लागले. पुढच्या खोलीत माणसं यायची, हसायची, खोटी खोटी भांडायची; आवाज दाराआडून ऐकू यायचे. चेहरे नंतर कागदावर यायचे.

एका वसंतात बुवांनी बाईंची सगळी चित्रं एका कापडात गुंडाळली, मालाच्या गाडीवाल्याला विचारलं आणि समुद्राकडच्या गावाला निघाले. तिथे जाऊन काय बोलायचं हे त्यांनी वाटेत पुष्कळदा ठरवलं आणि पुष्कळदा मोडलं. बाईंच्या बहिणीचं घर सापडायला त्रास पडला नाही. दार उघडलं ते बाईंसारखीच भुवई असलेल्या एका म्हातारीने.

"कोण हवंय?"

बुवांनी सांगितलं.

"ताई गेली हो," ती म्हणाली. "गेल्या पावसाळ्यात. या, आत तरी या."

आत भिंतीवर मुलाचं चित्र होतं, काचेत घातलेलं. तिने पाणी दिलं, मग न विचारता ताट वाढलं. बुवा समोरच्या भिंतीकडे बघत जेवले.

"तुम्हीच ते चित्रकार," म्हातारी म्हणाली. "ताई सांगायची तुमच्याबद्दल. म्हणायची, फार बोलायचा नाही तो माणूस, पण खोलीत असला की बरं वाटायचं. आणि म्हणायची, मूर्ख होता."

"होतो," बुवा म्हणाले.

त्यांनी कापड सोडलं आणि चित्रं टेबलावर मांडली. म्हातारीने एकेक उचलून डोळ्यांजवळ नेलं. चूल, फडताळ, हात, पाठ, मान. सगळी बघून झाल्यावर ती म्हणाली, "तिचा चेहरा कुठेच नाही हो यात."

"त्या कामावरून मान वर करायच्या नाहीत," बुवा म्हणाले. मग म्हणाले, "केली की मी खाली बघायचो."

म्हातारीने एक चित्र ठेवून घेतलं, खिडकीकडे वळलेल्या पाठीचं. बाकीची तिने पुन्हा कापडात बांधली, गाठ नीट मारली आणि बुवांच्या हातात दिली. "तुमच्याजवळच राहू देत," ती म्हणाली. "माझ्यामागे इथे कोणी ओळखायचं नाही तिला."

परतीची गाडी संध्याकाळी होती. तोवर बुवा समुद्रावर जाऊन बसले. खिशात कोळसा होता, मागच्या बाजूने कोरे असलेले कागद होते. त्यांनी काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे फोटोवाल्याच्या मागच्या खोलीत जाऊन बसले.

"काका, काल कुठे होता?" फोटोवाल्याने दारातून डोकावून विचारलं. "मी माणूस पाठवला होता घरी."

"बाहेरगावी गेलो होतो. एकांकडे."

"नातलग?"

बुवांनी थोडा विचार केला. "जेवायला जायचो मी त्यांच्याकडे," ते म्हणाले.

फोटोवाल्याला पुढचं विचारायचं होतं, पण बाहेर गिऱ्हाईक आलं आणि तो गेला. पुढच्या खोलीत कोणीतरी मोठ्याने हसलं. टेबलावर कालचा एक फोटो पडला होता. आईवडिलांमध्ये उभा केलेला एक पोरगा ऐन वेळी हलला होता आणि त्याला तीन हात आले होते. बुवांनी ब्रशचं टोक ओठांनी सारखं केलं आणि त्यातला कोणता हात खरा ते शोधू लागले.